पाचवे अक्षर

2022 च्या उन्हाळ्यात मी जर्मनीत, श्टुटगार्टपासून तासाभराच्या अंतरावरील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून 1966 सालची फोर्ड मस्टँग 34,000 युरोंना विकत घेतली. सहा महिन्यांनंतर एका स्वतंत्र मूल्यमापकाने त्याच गाडीची बाजारातील किंमत साडेसतरा हजार युरो ठरवली. मधल्या साडेसोळा हजारांचा हिशेब येथे सविस्तर लिहीत आहे, कारण मला दाखवलेले जवळजवळ सगळे कागद खरे होते आणि त्यांतल्या दोन कागदांवर गाडीचे खरे रूप स्पष्ट छापलेले होते. मी भलतेच कागद वाचत बसले.

जाहिरातीत गाडी ‘आठ सिलिंडरची, कॅलिफोर्नियातून आणलेली, गंज नसलेली आणि पूर्ण रिस्टोअर केलेली’ होती. प्रत्यक्ष भेटीत विक्रेत्याने इंजिन सुरू करून दाखवले आणि मग एक जाडजूड फाइल पुढे ठेवली. तीत 41,000 युरोंची बिले होती, उघड्या सांगाड्याची छायाचित्रे होती आणि गाडीचे मूल्य 46,000 युरो सांगणारा मूल्यमापनाचा अहवाल होता. एवढ्या खर्चाची गाडी 34,000 ला मिळते आहे, असा साधा त्रैराशिकाचा हिशेब मी मांडला आणि त्याच दिवशी विसार देऊन आले.

अहवालातील 46,000 हे ‘पुनर्निर्मिती मूल्य’ होते, म्हणजे तशीच गाडी आज पुन्हा उभी करायची झाल्यास येणारा खर्च. जर्मनीत विम्यासाठी असे मूल्यमापन केले जाते आणि त्यात काहीच गैर नाही. परंतु दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहारात मिळणारे बाजारमूल्य ही निराळी गोष्ट आहे, आणि सर्वसामान्य मॉडेलच्या बाबतीत ती पुनर्निर्मितीच्या खर्चाहून पुष्कळ खाली असते. मस्टँग हे सर्वसामान्यच मॉडेल आहे. एकट्या 1966 च्या हंगामात या गाड्या सहा लाखांहून अधिक तयार झाल्या, आणि त्यांचे बहुतेक सुटे भाग आजही नवे मिळतात. कोणी एखाद्या गाडीवर 41,000 खर्च केले म्हणून बाजार ते परत देत नाही. शिवाय मी तुलनेसाठी ज्या जाहिराती पाहिल्या होत्या, त्यांतील आकडे मागितलेले होते, मिळालेले नव्हेत. आणि त्यांतल्या निम्म्या गाड्या उतरत्या छपराच्या फास्टबॅक होत्या, ज्यांना साध्या हार्डटॉपपेक्षा नेहमीच बरीच जास्त किंमत येते.

आता खऱ्या मुद्द्याकडे येते. त्या काळातील मस्टँगचा चेसिस नंबर अकरा खुणांचा असतो. पहिला अंक वर्षाचा, दुसरे अक्षर कारखान्याचे, पुढचे दोन अंक बॉडीचे, पाचवे अक्षर इंजिनाचे आणि उरलेला क्रमांक. माझ्या गाडीचा नंबर 6R07T असा सुरू होतो: 1966, कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील कारखाना, हार्डटॉप, आणि T म्हणजे 200 घनइंचांचे सहा सिलिंडरचे इंजिन. कारखान्यातून आठ सिलिंडर घेऊन निघालेल्या गाडीत त्या जागी C, A किंवा K असते. अमेरिकेच्या मालकीपत्रावरील नंबर बॉनेटखालच्या पत्र्यावर ठोकलेल्या नंबराशी मी अक्षरन् अक्षर ताडून पाहिला होता आणि दोन्ही जुळल्याचे मला केवढे समाधान वाटले होते! जर्मन नोंदणीपत्रात पी.1 नावाचा रकाना इंजिनाच्या क्षमतेचा असतो. तेथे 3300 च्या घरातला आकडा होता, तर माझ्यासमोर गुरगुरणारे इंजिन 4.7 लिटरचे होते. मी त्या कागदावर फक्त आधीच्या मालकांची संख्या पाहिली.

म्हणजे सहा सिलिंडरच्या गाडीत कोणीतरी नंतर आठ सिलिंडरचे इंजिन बसवले होते आणि बाकी काहीही बदलले नव्हते. सहा सिलिंडरच्या मस्टँगचे चाक चार नटांवर बसते, आठ सिलिंडरचे पाच नटांवर. कारण मोठ्या इंजिनाच्या गाडीला ब्रेक आणि मागचा अ‍ॅक्सल दोन्ही दणकट असतात. माझ्या गाडीच्या चमकदार चाकझाकण्या काढल्या तेव्हा खाली चारच नट निघाले. ऐतिहासिक वाहनाची एच पाटी गाडीला मिळालेली होती खरी, पण ती जुन्या इंजिनावर. बदलाची नोंद कोठेच नसल्याने रस्त्यावर चालवण्याची परवानगीच धोक्यात आली होती.

‘कॅलिफोर्नियाची गाडी’ या दाव्याला आधार तेवढ्या R या अक्षराचा होता. गाडी जेथे जन्मली तेथेच राहिली असे ते अक्षर सांगत नाही. पुढच्या काचेखालील जाळीतून पावसाचे पाणी आतल्या पेटीत उतरते, ती पेटी गंजली की पाणी पायांवर पडते, आणि हा गंज बाहेरून दिसत नाही. तांब्याभर पाणी त्या जाळीत ओतून डॅशबोर्डखाली हात लावला असता तर पाच मिनिटांत कळले असते. मला ते पहिल्या पावसाने कळवले. मागच्या चाकावरील पत्र्यावर मूल्यमापकाने रंगाची जाडी मोजली, तर यंत्राने दोन हजार मायक्रॉनहून अधिक दाखवले; चांगल्या रंगाचा थर काही शे मायक्रॉनचा असतो, बाकीची सगळी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी होती. कोल्हापुरात वडिलांनी जुनी पद्मिनी घेतली तेव्हा ओळखीच्या मिस्त्रीला सोबत नेले होते आणि त्याने बोटाच्या पेराने पत्रा वाजवून लांबी कोठे आहे ते सांगितले होते. परदेशात आल्यावर फाइल पाहून गाडी घ्यायची असते, असे मला का वाटले कोण जाणे.

खोटा कागद एकच होता, आणि तो टंकलिखित पानाचा होता: किमतीच्या फोडीत 10 टक्के सीमाशुल्क आणि 19 टक्के कर दाखवला होता. मूळ स्थितीतील तीस वर्षांहून जुन्या गाडीला संग्राह्य वस्तू म्हणून येथे सीमाशुल्क लागत नाही आणि आयातीवर 7 टक्केच कर बसतो. फाइलच्या तळाशी असलेल्या सीमाशुल्काच्या पावतीवर तेच 7 टक्के होते. गाडीवर टी-5 चे चिन्हही डकवलेले होते. जर्मनीत मस्टँग हे नाव आधीच दुसऱ्या कंपनीकडे असल्याने फोर्डने येथे ती टी-5 नावाने विकली, हा इतिहास खरा आहे. पण अमेरिकेतून आणलेली म्हणून विकायच्या गाडीवर ते चिन्ह कशाला, हे विचारण्याचे मला सुचले नाही.

करारात विक्रेता म्हणून दुकानाचे नाव नव्हते. गाडी ‘ग्राहकाच्या वतीने’ एका खासगी मालकाकडून विकलेली होती आणि दोषांची जबाबदारी वगळलेली होती. दोष जाणूनबुजून लपवला असेल तर असे कलम जर्मन कायद्यात टिकत नाही, परंतु ‘जाणूनबुजून’ हे सिद्ध करणे माझ्याकडे आले, आणि समोरच्या वकिलाने शांतपणे लिहिले की चेसिस नंबर आणि नोंदणीपत्र खरेदीदार बाईंना सहीपूर्वी दाखवले होते. ते खरेच होते. तडजोडीत 4,500 युरो परत मिळाले, त्यांतले 1,100 वकिलाला गेले. पाच नटांचे हब, पुढचे डिस्क ब्रेक आणि मागचा अ‍ॅक्सल मागवला आहे. ते बसल्यावर इंजिनाच्या नोंदीसाठी गाडी पुन्हा तपासणीला जाईल.