गिझरचा टिपकणारा सेफ्टी व्हॉल्व्ह : १४ महिन्यांच्या वापरानंतर

वस्तू : अर्धा इंची पितळी मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह, ८ बारला (बार हे दाबाचं माप) उघडणारा, सुटा विकत घेऊन बसवलेला.
गिझर : उभा, २५ लिटर, २ किलोवॅट, टाकीची दाब सोसण्याची क्षमता ८ बार.
जागा : ११ मजली इमारतीचा तिसरा मजला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी, त्यात पालिका, बोअर आणि टँकर यांची सरमिसळ.
गुण : पाचपैकी चार. १४ महिन्यांनंतरही टिपकतो, आणि तरीही चार.

ऑनलाइन दुकानात या व्हॉल्व्हखाली दिसणाऱ्या वाईट अभिप्रायांपैकी बरेचसे एकाच वाक्याचे असतात : ‘नवीन बसवला, आठवड्यात गळायला लागला.’ त्यातल्या किती जणांनी गळती नेमकी कधी होते हे पाहिलं असेल, शंकाच आहे. किती गळतं यापेक्षा कधी गळतं, यावर सगळं निदान अवलंबून आहे.

एवढ्याशा तुकड्यात तीन कामं कोंबलेली असतात. आत जाणारं थंड पाणी परत मागे येऊ नये म्हणून एकेरी झडप. टाकीतला दाब ८ बारवर गेला की स्प्रिंग दबून व्हॉल्व्हच्याच छोट्या तोटीतून पाणी बाहेर सोडणारी दुसरी झडप. आणि टाकी रिकामी करायला एक खटका. पहिल्या दोन कामांमुळेच टिपकणं सुरू होतं. पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेलं की साधारण १.४ टक्क्यांनी फुगतं. २५ लिटरच्या टाकीत हे ३५० मिली होतात, १५ लिटरच्या टाकीत २१० मिली. थर्मोस्टॅट ७५ वर ठेवला तर २५ लिटरला साडेपाचशे मिलीच्या वर. वरचा गरम पाण्याचा नळ बंद, मागे जायला एकेरी झडप आडवी. हे वाढीव पाणी जाणार कुठे? दाब चढत ८ बारला पोचतो आणि तोटीतून थेंब सुरू होतात.

प्रत्यक्षात तोटीखाली मगा लावून मोजलं तर एका पूर्ण तापवणीत अडीचशे ते तीनशे मिली पडतं. हिशोबापेक्षा कमी, कारण हीटरच्या खालचं पाणी वरच्याइतकं तापत नाही. २ किलोवॅटला २५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात थेंब, दिवा विझल्यावर चार-दोन थेंब, मग कोरडं. हे असंच चालत असेल तर व्हॉल्व्हला हात लावू नका. गिझर चालू असतानाच कुणी आंघोळ करत असेल तर एकही थेंब पडत नाही, कारण नळ उघडला की दाब उतरतो. ‘रविवारी गळतो, सोमवारी नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

पहिले दोन-तीन महिने जवळजवळ कोरडा राहिलेला व्हॉल्व्ह पुढे टिपकायला लागला, म्हणजे बिघडला असंही नाही. टाकी पहिल्यांदा भरताना वरच्या घुमटात थोडी हवा अडकते. गरम पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचं तोंड आत टोकापर्यंत गेलेलं असलं तरी त्याच्या वर थोडी जागा राहतेच. ती हवा उशीसारखी दबते आणि फुगलेल्या पाण्याला जागा देते. हळूहळू ती पाण्यात विरघळून जाते, उशी संपते, थेंब वाढतात. टाकी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरली की काही दिवस थेंब कमी होतात. यावरूनच ‘सर्व्हिसिंग केल्यावर बंद झालं होतं, पुन्हा सुरू झालं’ असा गैरसमज होतो.

खरा बिघाड ओळखायचा तर गिझर रात्री बंद करा, सकाळपर्यंत पाणी थंड होऊ द्या आणि तोटीखाली कोरडं भांडं ठेवा. थंड टाकी, बंद बटण आणि तरी भांड्यात पाणी, तर दोनच शक्यता उरतात : झडपेच्या बैठकीत दोष आहे (बैठक म्हणजे झडप जिथे टेकून बंद होते ती जागा; तिच्यावर कचरा किंवा क्षार बसलेत किंवा तिचं रबर गेलंय), नाहीतर लाइनचाच दाब जास्त आहे.

दाब आधी तपासा, कारण ते सोपं आहे. ० ते १० बारचा गेज बाथरूममधल्या अर्धा इंची नळाला लावायचा, बाकी नळ बंद, आणि रात्री उशिरा वाचायचा, कारण तेव्हा वापर नसल्याने दाब सर्वांत जास्त असतो. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. मजला ३ मीटरचा धरला तर गच्चीची टाकी आठ-नऊ मजले वर असताना अडीच-पावणेतीन बार येतो, इथे २.७ आला. हे ठीक आहे. ३० मजली इमारतीत तळमजल्याला थेट गच्चीवरून पाणी आलं तर ९ बार होईल, म्हणून तिथे मध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवलेले असतात. त्यातला एखादा निकामी झाला की त्या टप्प्यातल्या सगळ्या घरांतले गिझर एकाच आठवड्यात गळायला लागतात. म्हणून प्लंबरला फोन करण्याआधी खालच्या मजल्यावर विचारून या. त्यांचाही गळत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची आहे, तुम्ही नाही.

दुकानदार एक गोष्ट हमखास सांगतात : घरात दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावा, टिपकणं थांबेल. थंड असताना होणारी गळती थांबेल, तीही दाब खरोखर जास्त असेल तर. तापतानाचे थेंब थांबणार नाहीत. लाइनमध्ये दाब २ असो वा ४, झडपेमागे कोंडलेलं पाणी तापून फुगलं की ८ वर जाणारच. फार तर पहिला थेंब थोडा उशिरा पडेल. ते थेंबही नकोच असतील तर उपाय एकच, व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्या मधे टी (तीन तोंडांचा जोड) लावून फुगलेलं पाणी सामावणारी रबरी पडद्याची छोटी एक्स्पान्शन टाकी. २५ लिटरला २ लिटरची पुरते. तिच्यातली हवा लाइनच्या दाबाइतकी भरावी लागते आणि वर्षातून एकदा तपासावी लागते. दिवसाला कपभर पाण्यासाठी एवढा खटाटोप मला पटत नाही. बादलीत नळी सोडा, तेच पाणी फरशी पुसायला येतं.

आता क्षार. या व्हॉल्व्हचा मुख्य शत्रू तोच. पाणी तापलं की त्यातला चुना सुटतो, आणि तोटीशी थेंब सुकला की पांढरा थर मागे राहतो. म्हणजे रोजचं निर्दोष टिपकणंच हळूहळू बैठक खराब करतं. इथे पाचव्या महिन्यात थंड असतानाही थेंब दिसायला लागले, त्याच सुमारास गच्चीची टाकी धुतली गेली होती. टाकी धुतल्यावर पहिल्या दिवशी गाळ खाली उतरतो, त्यामुळे त्या दिवशी गिझरचा कॉक बंद ठेवून आधी साधा नळ पाच-दहा मिनिटं वाहू द्यावा. ही सवय पाणी कुठलंही असलं तरी फायद्याची.

टीडीएस मीटरच्या आकड्यावरून क्षारांचा अंदाज बांधू नका. तो सगळे विरघळलेले घटक एकत्र मोजतो. गिझरला त्रास कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, म्हणजे काठिण्याचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. थेंब टाकून रंग बदलण्याचं किट मिळतं, त्याने मोजा. साबणाला फेस येत नसेल आणि पातेल्याच्या तळाला पांढरी खपली धरत असेल, तर किटशिवायही उत्तर मिळालंच.

पहिला उपाय फुकट आहे. गिझर बंद, पाणी थंड, खाली बादली. खटका पूर्ण उचला, पाच सेकंद जोरात पाणी जाऊ द्या, सोडा. असं चार-पाच वेळा. बैठकीवरचा कण धुऊन जातो. पाचव्या महिन्यातली गळती एवढ्यावरच थांबली. खटका महिन्यातून एकदा उचलायचाच. वर्षभर न उचललेला खटका अचानक उचलला तर क्षारांची खपली बैठकीवर अडकून कोरडा व्हॉल्व्हही गळायला लागतो.

त्याने भागलं नाही तर व्हॉल्व्ह काढून लिंबूसत्त्वात बुडवा : लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, एक तास. फेस थांबला की बाहेर काढून वाहत्या पाण्यात खटका हलवत धुवा. रात्रभर ठेवू नका, पितळ आणि रबर दोन्हींना सोसत नाही. संडास धुण्याचं ॲसिड तर मुळीच नको. क्षारांबरोबर पितळेतलं जस्तही खातं आणि वरून चकचकीत दिसणारा व्हॉल्व्ह आतून भुसभुशीत होतो. धुऊनही टाकी थंड असताना गळत असेल तर बैठकीचं रबर गेलंय. ते सुटं शोधत बसू नका, व्हॉल्व्ह बदला.

बदलताना आधी गिझरवरची पट्टी वाचा. जुने काही गिझर ६.५ बारचे आहेत. त्यांना ८ बारचा व्हॉल्व्ह लावला तर टाकी सोसते त्याहून जास्त दाब झाल्यावर तो उघडेल. मग वीज नुसत्या बटणावर नाही, वीजपेटीतल्या एमसीबीवर बंद. थंड पाण्याचा अँगल कॉक बंद. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा, तिथून आत हवा गेली तरच टाकी रिकामी होते. खटक्यातून २५ लिटर उतरायला बराच वेळ लागतो. खालची लवचीक नळी सोडून फायदा नाही, एकेरी झडप पाणी अडवते. धीर धरा.

टाकीचा निपल (व्हॉल्व्ह ज्यावर बसतो तो आटेदार नळीचा तुकडा) आतल्या टाकीला जोडलेला असतो, आणि इथेच सगळ्यात महागडी चूक होते. लांब पान्याने जोर लावला की निपल पिळला जातो, मुळाशी काचेचं अस्तर तडकतं आणि वर्षा-दोन वर्षांत टाकीच तिथून गंजते. एका पान्याने निपल धरा, दुसऱ्याने व्हॉल्व्ह फिरवा. जुनी टेप आट्यांमधून ब्रशने काढा. नवी टेफ्लॉन टेप १० ते १५ वेढे, आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने, पहिला आटा मोकळा ठेवून. हाताने घट्ट करा, मग पान्याने एक-दीड फेरा, तोटी खाली बघेल असं थांबा. पुढे गेलात तर एक पूर्ण फेरा आणखी घ्या, पण मागे फिरवू नका. टेप फाटते आणि आट्यांतून झिरपतं. हे झिरपणं लोक व्हॉल्व्हची गळती समजतात. टिश्यू पेपर गुंडाळून बघा, कुठून ओला होतो ते लगेच कळतं.

बाण गिझरकडे हवा. उलटा बसला तर पाणी आत जाणारच नाही. आणि व्हॉल्व्ह ते गिझर यांच्या मधे कॉक नको, कधीच नको. कॉक व्हॉल्व्हच्या आधी. सुबक दिसावं म्हणून मधे कॉक टाकलेली जोडणी म्हणजे सेफ्टी काढून टाकल्यासारखीच.

तोटीला मऊ पारदर्शक नळी लावून उतार देत मोरीच्या जाळीपर्यंत न्या, टोक उघडं, पाण्यात बुडलेलं नको. पुन्हा भरताना गरम नळातून हवा न येता अखंड धार लागेपर्यंत एमसीबीला हात लावायचा नाही, नाहीतर कोरडा हीटर मिनिटांत जळतो.

काही प्लंबर गळतीवर दोन रामबाण उपाय करतात. एक, तोटीला डमी (बूच) किंवा एमसील लावून ती बंद करणं. त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. कुणी केलं असेल तर आजच काढा आणि काढेपर्यंत गिझर लावू नका. दुसरा जास्त फसवा : एकेरी झडपेची चकती काढून टाकणं. टिपकणं खरंच थांबतं, कारण फुगलेलं पाणी मागच्या लाइनमध्ये जातं. पण गच्चीची टाकी रिकामी झाली आणि खालचा कुठला तरी नळ उघडा राहिला की गिझरमधलं पाणीही मागच्या मागे उतरतं. सकाळी कुणीतरी सवयीने बटण दाबतं, आणि हीटर जातो.

तोटीतून वाफ किंवा चटका देणारं पाणी येत असेल तर वरचं काहीच लागू नाही. थर्मोस्टॅट चिकटलाय. एमसीबी पाडा, नळ उघडू नका, गार होऊ द्या, मग इलेक्ट्रिशियन.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी हा हिशोब तिथल्या उभ्या हीटरला लावू नये. तिथला व्हॉल्व्ह टाकीच्या वरच्या भागात असतो, दाब आणि तापमान दोन्हींवर उघडतो (१५० पीएसआय, २१० अंश फॅरनहाइट), आणि त्याचं रोज टिपकणं नेहमीचं मानत नाहीत.

एक गुण कापला तो खटक्यासाठी. प्लास्टिकचा आहे, नवव्या महिन्यात पिनेपाशी तडा गेला. आता पकडीने उचलावा लागतो. शिवाय तोटीचं तोंड इतकं आखूड की नळी क्लिपशिवाय टिकत नाही. घेताना धातूचा खटका आणि खाचा पाडलेली तोटी बघून घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी. हिवाळ्यात थेंब वाढलेले दिसतील, कारण आत येणारं पाणी जास्त थंड असतं आणि फुगवटा मोठा होतो. तेवढ्यासाठी बदलायला धावू नका. थर्मोस्टॅट ७५ वरून ६० वर आणला तर मग्यातलं पाणीही कमी होतं आणि चुनाही कमी धरतो.