ग्लॅडिओलसच्या 'बायबॅक'मध्ये आमचे १,९६,९५० रुपये गेले, नागपूरकडच्यांनो सावध राहा

सप्टेंबर लागायच्या आत हे लिहून टाकते, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा तेच मेसेज फिरून राहिले. "हिवाळी फुलशेती, पाव एकरात सव्वादोन लाख, कंपनीची लेखी बायबॅक गॅरंटी." म्हणजे पीक कंपनीच ठरलेल्या भावात परत विकत घेणार. कंपनीचं नाव नवीन आहे, फोटो मात्र तेच, गुलाबी ग्लॅडिओलसच्या जुड्या हातात घेऊन उभा असलेला माणूससुद्धा तोच. बघून अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बायबॅकवाले कसे काम करतात हे कोणाला सांगायची गरज नाही. एमू झाले, सफेद मुसळी झाली, कडकनाथ झाले, माल आधी महाग विकायचा आणि परत घ्यायची वेळ आली की फोन बंद. मला हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. नातेवाईक आता म्हणतात की शिकलेली बाई असून कशी फसली. अरे, शिकलेली होती म्हणूनच तर सगळी चौकशी केली आणि चौकशीत फुलांची बाजू शंभर टक्के खरी निघाली, तेच तर दुखतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं म्हणून लोकांना वाटते इथे काय फुलं होणार, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री गार असतात, डिसेंबर-जानेवारीत १०-१२ अंशांवर येतात आणि दिवसा २८-३० राहते, ग्लॅडिओलसला, शेवंतीला, अ‍ॅस्टरला यापेक्षा वेगळं काही नको, पॉलीहाऊस पण लागत नाही. ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की कंद लावायचे, जातीप्रमाणे ७० ते ९० दिवसांत फुलांचे दांडे तयार. सीताबर्डीच्या फूलबाजारात पुण्याहून, बंगलोरहून माल येतो, रात्रभर प्रवास करून, तर कळमेश्वरवरून पहाटे तोडून आणलेला दांडा ताजाच असणार. यात चुकीचं काय होतं सांगा मला.

जमीन सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, कळमेश्वर तालुक्यात. संत्र्याची झाडं डिंक्या रोगानं गेली, ती काढल्यापासून एक तुकडा रिकामाच पडून होता. मामाजी म्हणत होते की सोयाबीन टाका, मीच म्हटलं यावर्षी पाव एकर फुलं करून पाहू. २०२४ च्या पावसाळ्यात कंपनीवाल्यांनी एका लॉनमध्ये मीटिंग ठेवली होती, जेवणासहित. स्टेजमागच्या बॅनरवर सरकारी फलोत्पादन योजनेचा लोगो. कोणीही खाजगी माणूस तो लोगो छापून लावू शकते आणि कोणी विचारत नाही, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार? अनुदान मिळवून देतो म्हणाले. आता सांगते, अनुदान पाहिजे तर महाडीबीटी पोर्टलवर स्वतः अर्ज करा, मधे एजंट आला की उठून घरी या.

आता आकडे, कारण लोक आकडे सांगत नाहीत म्हणूनच पुढचा फसतो. नोंदणी ११,००० रुपये, यूपीआयनं. कंद १२,५००, प्रत्येकी ९ रुपये, म्हणजे १,१२,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी २०,२५०. खत-औषधांची किट १४,८००, ती घेणं कंपल्सरी. नोंदणी सोडून बाकीचे १,४७,५५० एनईएफटी केले. एकूण १,५८,५५०. त्याशिवाय शेणखत, गादीवाफे, ठिबक, बायांची मजुरी मिळून आमचे स्वतःचे ३८,४०० लागले. बदल्यात ते प्रत्येक दांड्याला १२ रुपये देणार आणि शेवटी कंद ६ रुपयांनी परत घेणार होते. म्हणजे २,२५,००० घरात.

जीएसटीचं तर आजही डोक्यात जाते. फुलांच्या कंदांवर जीएसटी शून्य आहे, शून्य! बिलावर १८ टक्के लावलेला दिसला तेव्हाच कोणी सांगायला पाहिजे होतं. मी आमच्या ओळखीच्या टॅक्सवाल्यांना बिल पाठवलं होतं, त्यांनी "ठीक आहे" असा अंगठा पाठवला, उघडून पण पाहिलं नसणार. पैसे ज्या खात्यात गेले ते कंपनीच्या नावाचं नव्हतं, एका व्यक्तीच्या नावाचं करंट अकाउंट होतं, विचारलं तर म्हणे प्रोप्रायटर आहेत ते, ताई. बरं, प्रोप्रायटरचं खातं असूही शकते, यात काय संशय घ्यायचा? पण करारावर सही दुसऱ्याच माणसाची होती. खात्यावरचं नाव, करारावरचं नाव आणि जीएसटी नंबर टाकल्यावर पोर्टलवर येणारं नाव, ही तिन्ही जुळल्याशिवाय एक रुपया टाकू नका.

आणि आता ते पोतं. दसरा झाल्यावर टेम्पो आला. पोत्यांवर छापील स्टिकर, "इम्पोर्टेड फ्रॉम हॉलंड". आमच्या गड्यानं पहिलं पोतं फोडलं, मूठभर कंद काढले आणि म्हणाला, "बाई, हे तं आत्ताच उकरल्यासारखे दिसून राहिले." कंदांना ओली माती होती. चिकट, बोटाला लागणारी. खाली मागच्या वर्षीचा जुना कंद तसाच चिकटलेला, काढलासुद्धा नव्हता. कोंब एकालाही नाही. मी तिथंच उभी राहून फिल्ड ऑफिसरला फोन लावला, तो एक सेकंद पण अडखळला नाही, "ताई, ओलावा टिकायला कोकोपीट घालून पाठवतात, जहाजाचा प्रवास असते ना." आणि मी गड्याला म्हटलं, लाव.

हाच तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा हाच डोळ्यापुढे येते. परदेशातून येणाऱ्या कंद-रोपांबरोबर माती आणायला परवानगीच नसते, २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे इम्पोर्ट परमिट लागते, त्या देशाचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचा दाखला लागते. माती लागलेला कंद हॉलंडचा असूच शकत नाही. ही एवढी एक गोष्ट कोणी मला आधी सांगितली असती तर टेम्पो तिथूनच परत गेला असता. पण मी काही बागायतदाराच्या घरची नाही, मी कंद हातात घेतला तोच पहिल्यांदा, आणि मी विचारलं नाही असंही नाही, विचारलं, त्यानं खोटं सांगितलं. खोटं सांगणाऱ्याची काहीच चूक नाही आणि विश्वास ठेवणाऱ्यालाच सगळे बोलणार हा कुठला न्याय आहे?

दुसरं, सगळे कंद एकाच आठवड्यात लावा असा आग्रह. ज्याला खरंच फुलं विकत घ्यायची असतात तो असं कधीच सांगणार नाही. तो म्हणेल पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं लावा, म्हणजे तोड सलग मिळते, एकदम बारा हजार दांडे एका आठवड्यात घेऊन तो करणार काय? सीताबर्डीच्या एका अडत्यानं हे नंतर सांगितलं, आणि १२ रुपये फिक्स भाव ऐकून तो म्हणाला की लग्नसराईत भाव वेगळा, पौषात वेगळा, आठवड्यात दोनदा बदलते, बारा महिने एकच भाव देणारा माणूस फूलबाजारातला नाहीच. करार करायच्या आधी बाजारात जा, नंतर नाही.

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, वाफे काळेच्या काळे. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसायला पाहिजे होते. कुठेकुठे तुरळक पातं. फिल्ड ऑफिसर म्हणे पाणी जास्त झालं, मग म्हणे कमी झालं, मग म्हणे तुमची काळी जमीन आहे. शेवटी एक वाफा उकरून कंद पिशवीत घातले आणि महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात घेऊन गेली. तिथल्या सरांनी कंद मधोमध कापला, आतून पांढरा, निरोगी, सडलेला नव्हताच. झोपलेला होता. ग्लॅडिओलसचा कंद जमिनीतून काढल्यावर सुप्तावस्थेत जातो, त्याला दोन-तीन महिने शीतगृहात ४-५ अंशांना ठेवावं लागते, तेव्हा तो उगवतो. आपल्या इकडचा कंद एप्रिल-मेमध्ये निघते, उन्हाळा-पावसाळा शीतगृहात राहते आणि ऑक्टोबरला लावायला तयार होते. थंड डोंगरी भागात मात्र वसंतात लावतात आणि कंद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढतात. आमचा तोच असणार, सरळ वावरातून पोत्यात आणि पोत्यातून आमच्या वाफ्यात. शिवाय फुलासाठी चार-पाच सेंटिमीटरचा कंद पाहिजे, आमच्यातले अर्धे तर सुपारीएवढे होते. दहा-वीस कंद ओल्या रेतीत ठेवून दोन आठवडे वाट पाहा, कोंब नाही आला तर पैसे देऊ नका, सरांनी हे फुकट सांगितलं. महाविद्यालय शहराच्या मधोमध आहे, जा आणि विचारा.

जानेवारीनंतर हळूहळू उगवलं. दांडे आले मार्चच्या शेवटी आणि एप्रिलमध्ये, तेव्हा आपल्याकडे ऊन काय असते सर्वांना माहीत आहे, कळ्या उघडायच्या आधीच करपल्या. कंपनीला फोन केला तर म्हणे कराराप्रमाणे ९० सेंटिमीटरच्या खालचा दांडा रिजेक्ट. आणि तुम्ही बाहेरचं बुरशीनाशक मारलं, म्हणजे करार तुम्हीच मोडला. किटमधली पावडर संपली होती, मागून मिळत नव्हती, मग मी काय पीक सडू द्यायचं होतं? वरून आमचा सही केलेला कोरा चेक सिक्युरिटी म्हणून त्यांच्याकडे, तो लावतो अशी धमकी. बँकेत जाऊन त्या चेकचं पेमेंट थांबवलं. कोरा चेक कोणालाच देऊ नका, कोणालाच.

आता सरकारी लोकांचं ऐका. तालुक्याच्या पोलिसांकडे गेली तर म्हणे पैसे शहरातल्या बँकेतून गेले, शहरात जा. शहरातल्या ठाण्यात म्हणे वावर तिकडे आहे, तिकडे जा. परत गेली तर, "मॅडम, करार आहे ना तुमच्याकडे, मग हे सिव्हिल आहे, साहेबांना पाठवा एकदा." कोणते साहेब? सातबाऱ्यावर मामाजींचं नाव आहे, पैसे माझ्या खात्यातून गेलेत, साहेबांना कशाला पाठवू? खोटं स्टिकर लावून, नसलेला टॅक्स लावून पैसे घेणं हे सिव्हिल कसं काय, फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे ना, ते काय शोभेला ठेवलं आहे का? वकिलांनी सांगितलं तेव्हा कळलं की ठाण्यात तक्रार घेत नसतील तर ती लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते आणि तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येते. ठाण्यातल्या एकानंही हे सांगितलं नाही, चहा मात्र माझ्यासमोर दोनदा मागवला.

शेतीच्या कार्यालयात त्याहून भारी. अर्ज द्या म्हणे. दिला. मग म्हणे हे बियाणे कायद्यात बसत नाही. हे मात्र खरं निघालं आणि म्हणूनच जास्त संताप येते, १९६६ च्या बियाणे कायद्यात कंद येतात पण खाद्यपिकांचे आणि चाऱ्याचे, फुलांचे नाही. सोयाबीन उगवलं नाही तर पंचनामा, ग्लॅडिओलस उगवला नाही तर हात वर. मी म्हटलं, निदान येऊन पाहून तर जा, लिहून तर द्या की उगवलं नाही. पाहू, करू, मार्चएंड आहे, साहेब ट्रेनिंगला आहेत. माणूस आला तेव्हा वावर वाळून कोळसा झालं होतं आणि त्यानं रिपोर्टमध्ये लिहिलं की "पाहणीवेळी पीक उभे नव्हते". माझ्या समोर लिहिलं. आणि हेच लोक मीटिंगांना पहिल्या रांगेत बसतात, त्यांना पाहूनच तर लोकांचा विश्वास बसते. कार्यालयाची वाट पाहू नका, लावणीच्या दिवसापासून तारखेसकट फोटो-व्हिडिओ काढा, शेजारच्या दोघा शेतकऱ्यांच्या सह्या घेऊन स्वतः पंचनामा लिहा, महाविद्यालयाकडून कंदाबद्दल लेखी मत मागा. पोती आणि स्टिकर फेकू नका. आमचं एक पोतं गड्यानं तूर भरायला नेलं होतं म्हणून वाचलं, आज तोच सर्वात मोठा पुरावा आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. शेतकरी ग्राहक नाही, तुम्ही धंद्यासाठी घेतलं असं समोरचे म्हणतात, घाबरायचं नाही, सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्येच नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या केसमध्ये सांगितलं आहे की शेतकरी ग्राहक आहे, करार करून पीक घेतलं तरी. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षं, त्यामुळे लाजेनं घरात बसून मुदत घालवू नका. पैसे यूपीआयनं जाऊन एक-दोन दिवसच झाले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आमची नोटीस "पत्ता सापडत नाही" शेरा मारून परत आली आहे, नवीन पत्ता शोधून राहिलो. ज्यांच्याकडे हॉलंडचं स्टिकर लावलेली पोती आली असतील, काटोल, सावनेर, हिंगणा, कुठलेही असा, बिल आणि एनईएफटीची पावती काढून ठेवा. खात्यावरचं नाव एकच निघालं तर एकत्र तक्रार करता येते, आणि दहा जण एकत्र गेल्यावर ठाण्यातला माणूस सिव्हिल म्हणून दाखवू दे.