आर१५ चं प्लॅस्टिक उतरवलं, गॅरेजला पाचपैकी तीन

मे मध्ये गॅरेजमधून गाडी हातात आली आणि आता अर्धा पावसाळा उलटलाय, म्हणून आत्ता लिहितोय. जूनमध्ये लिहिलं असतं तर नुसत्या शिव्याच निघाल्या असत्या.

गाडी यामाहा आर१५ व्हर्जन २, २०१३ ची, सेकंडहँड घेतलेली. गेल्या वर्षी भोसरीच्या पुढे सांडलेल्या ऑइलवर आडवी झाली, मला कोपराला खरचटण्यापलीकडे काही नाही पण उजव्या बाजूचं प्लॅस्टिक, पुढचं नाक, आरसा सगळं गेलं. नवीन फेअरिंगचा, म्हणजे गाडीभोवतीच्या त्या प्लॅस्टिकच्या कवचाचा, भाव ऐकून म्हटलं लावायचंच कशाला. तसाही स्ट्रीटफायटर हा प्रकार असाच सुरू झालाय, ऐंशीच्या दशकात इंग्लंड-युरोपातली पोरं पडलेल्या स्पोर्ट बाइकला महागडं प्लॅस्टिक परत न लावता सरळ हँडल टाकून तशीच फिरवायची, नंतर कंपन्यांनीच तो लूक उचलला, १९९७ च्या ट्रायम्फ स्पीड ट्रिपलचे ते बेडकासारखे दोन डोळे आठवा.

मीही तेच करायचं ठरवलं, प्लॅस्टिक काढून सरळ हँडल. गॅरेज पुण्यातलंच, नाव नाही घेत. सांगितले ८ दिवस आणि साडेअकरा हजार, लागले २३ दिवस आणि सोळा हजार दोनशे.

आधी चांगलं सांगतो. लोखंडाचं काम एक नंबर. आर१५ ला क्लिप-ऑन हँडल असतं, म्हणजे पुढच्या फोर्कच्या नळ्यांना पकडलेले खाली झुकलेले दोन वेगळे तुकडे, सरळ हँडल बसवायला फोर्क धरणाऱ्या वरच्या टी वर जागाच नाही, तर गॅरेजच्या उस्तादने ॲल्युमिनियमची जाड प्लेट घासून त्यावर हँडल उचलून धरणारे रायझर बसवले, एक बोल्ट ढिला नाही झाला अजून. फ्रेमला कुठेही कटर लावला नाही, ही माझी पहिली अट होती आणि त्याने ती पाळली. डेल्टाबॉक्स फ्रेम (यामाहाची ती जाड पट्ट्यांची चौकट) आता उघडी दिसते, सिग्नलला लोक वळून बघतात, खोटं कशाला बोलू, आवडतं.

आता वायरिंग. फेअरिंग काढणं हे तासाभराचं काम आहे हो, पाना आणि स्क्रूड्रायव्हर असला की कोणीही काढेल. पण हेडलाइट, मीटर, आरसे हे सगळं फेअरिंगच्या आतल्या पुढच्या स्टँडवर टांगलेलं असतं आणि त्यामागे वायरींचा जो गुंता कंपनीने लपवलेला असतो तो उघड्यावर राहण्यासाठी बनवलेलाच नसतो. गॅरेजवाल्यांनी तो सगळा नवीन गोल दिव्याच्या मागे कोंबला, वरून चिकटपट्टी, झालं. पहिल्या जोराच्या पावसात नाशिक फाट्यावर गाडी बंद. वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये पाणी. दोन वेळा गॅरेजला नेली, दोन्ही वेळा हवा मारून "झालं दादा". शेवटी मीच नाना पेठेतून वॉटरप्रूफ कपलर आणि स्लीव्ह आणले, एक रविवार घालवला, तेव्हापासून बंद नाही पडली.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. हँडल उंच आणि रुंद झालं तर पुढच्या ब्रेकचा पाइप लांब लागतो, क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल पण. केबल बदलल्या, पाइप जुनाच ठेवला. मी डिलिव्हरीच्या वेळी हँडल पूर्ण डावीकडे वळवून बघितलं तर पाइप तारेसारखा ताणलेला. तिथेच थांबलो आणि बदलूनच घेतला, तीन दिवस अजून गेले. तुम्ही कुठेही असं काम केलंत तर पैसे द्यायच्या आधी हँडल दोन्ही टोकांना वळवून बघाच.

चालवायला कशी? वाकड ते चाकण रोज जातो, त्या ट्रॅफिकमध्ये मनगटं आणि कंबर दुखायची ती थांबली, यासाठीच सोळा हजार वसूल. पण वजन खूप कमी होतं वगैरे ऐकू नका, मी काढलेलं सगळं रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवलं, सात किलो पण भरलं नाही. उलट हायवेला तोटाच. १७ पीएस ताकदीची गाडी, ती वारा कापूनच पळायची, आता नव्वदच्या पुढे वारा छातीवर बसतो आणि आधी सहज १२० दाखवणारी गाडी ११० ला रडते. खंबाटकी घाटात पुढचं चाक जरा हलकं वाटतं, कारण आपण मागे सरळ बसतो. रेडिएटर उघडा पडलाय, जाळी लावून घ्या, नाहीतर डंपरच्या मागचा एक खडा पुरे.

आणि कायद्याचं. आरटीओचा विषय काढला तर उस्ताद म्हणे "कोण विचारतंय". विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये परस्पर बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलामागे ५००० रुपये दंडापर्यंत प्रकरण जातं, कैदेची तरतूद पण आहे. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला काय बोट दाखवेल तो वेगळाच प्रश्न. म्हणून क्लिप-ऑन आणि वाचलेलं डावं प्लॅस्टिक माळ्यावर गोणीत बांधून ठेवलंय. आई विचारते हे भंगार कधी देणार, तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

लोखंडासाठी त्याच गॅरेजला परत जाईन. वायरीला हात लावू देणार नाही.