टेकडीवरच्या शंभर वॉटला माझे चार तारे

बंद पडलेल्या सेवेचं परीक्षण आता कशाला, असं मुलगा म्हणाला. पण दूरदर्शनच्या ह्या टावरच्या जिवावर मी पस्तीस वर्षं अँटेना बांधल्या, टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, दोन मुलं शिकवली. त्याच्याबद्दल मी नाही लिहायचं तर कोणी?

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या उत्तरेला. ऐंशीच्या दशकात मागच्या टेकडीवर दूरदर्शनचा लघुशक्ती प्रक्षेपक बसला. ताकद 100 वॉट, म्हणजे तेव्हाच्या घरातल्या मोठ्या बल्बाएवढी. तेवढ्यावर दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत चित्र पोचायचं, मध्ये डोंगर आडवा आला नाही तर. ऑगस्ट 1983 मध्ये इन्सॅट-1बी हा उपग्रह वर गेला आणि अशा छोट्या प्रक्षेपकांची वाट मोकळी झाली. 1984 मध्ये काही महिने देशात सरासरी रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता. एक खोली, मनोरा, आकाशाकडे तोंड केलेली मोठी डिश, जनरेटर आणि पाळीवरचा तंत्रज्ञ, एवढाच संसार. स्टुडिओ नाही, कॅमेरा नाही. दिल्लीहून उपग्रहावर चढवलेलं इथे उतरवून घ्यायचं आणि पुन्हा हवेत सोडायचं.

त्याआधी आमच्याकडे टीव्ही म्हणजे सिंहगड. तिथून 1973 पासून मुंबईचे कार्यक्रम पुण्याला दिसत. ते पकडायला आम्ही तीस फुटी पाइप उभा करायचो, वर लांबलचक अँटेना, वर बूस्टर, आणि तरी पडद्यावर मुंग्या. तो खर्च डॉक्टरांना, बागायतदारांना झेपायचा. टावर आला आणि चार काड्यांची अँटेना पुरायला लागली.

टेकडीच्या पायथ्याशी एक मावशी राहायच्या, मजुरीला जायच्या. कुणीतरी दिलेला जुना ब्लॅक अँड व्हाइट सेट होता, अँटेनाला पैसे नव्हते. मी दुकानातून चपट्या वायरचा तुकडा नेला. एक टोक मधोमध चिरून दोन्ही बाजूंना हातापेक्षा थोडं कमी पसरलं, भिंतीला चुका ठोकून ताणून बसवलं. दुसरं टोक सेटच्या मागच्या दोन स्क्रूंना आवळलं. बटण फिरवलं तर चित्र असं स्वच्छ, की मावशींनी आधी पदराने काच पुसली आणि मगच बसल्या. सिंहगडाच्या तीस फुटी पाइपवर मला असं चित्र कधी मिळालं नव्हतं. महिन्याचं भाडं नाही, कुणापुढे हात पसरणं नाही. चार तारे त्यासाठी.

पाचवा का नाही, तेही सांगतो. सुरुवातीची वर्षं टावरवर दिल्लीच. मुंबईचं 'आमची माती, आमची माणसं' बघायचं तर सिंहगडाची अँटेना उतरवून चालायचं नाही. म्हणून कितीतरी गच्च्यांवर एकाच पाइपला दोन अँटेना असायच्या: वरची उत्तरेला, खालची टेकडीकडे. बदलाबदलीचा स्विच मी पत्र्याच्या डबीत बसवून द्यायचो. पुढे मराठीही आलं, पण आमच्या गावाचं असं काही त्या टावरवरून कधीच गेलं नाही.

आणि हे होण्यासारखं होतं. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज नावाच्या गावी 1975 पासून एक किलोवॉटचं टीव्ही केंद्र होतं. इस्रोची अहमदाबादची मंडळी त्याच्यासाठी कार्यक्रम करायची, खेड्यापाड्यांत जाऊन, तिथल्याच माणसांना बोलतं करून. शेती, मजुरी, जातिभेद, सगळं त्यांच्याच बोलीत. 1984 मध्ये त्या प्रकल्पाला ग्रामीण संवादासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि 1985 मध्ये केंद्र बंद. मला हे फार लागतं. आमच्या टेकडीला रोज अर्धा तास मिळाला असता तर बाजाराचे भाव, कालव्याला पाणी कधी सुटणार, यात्रेची छबिना-पालखी, हे सगळं मावशींनी त्या वायरीवर पाहिलं असतं.

2021-22 पर्यंत देशातले बहुतेक जुने प्रक्षेपक बंद झाले. आता विचारायला येतात त्यांना मी डीडी फ्री डिश सांगतो. इथेही महिन्याचे पैसे नाहीत, सह्याद्री दिसतं, वाहिन्या भरपूर. मात्र जोराचा पाऊस आला की डिशचं चित्र जातं. त्या लहरींना पाऊस सोसत नाही. टावरच्या लहरींना पावसाचं काही नसायचं. आषाढातल्या झडीतही बातम्या लागायच्या. आमच्यासारख्या पावसाच्या पट्ट्यात ही गोष्ट लहान नाही.

गेल्या महिन्यात मावशींच्या सुनेकडे फ्री डिश बसवायला गेलो. भिंतीवर माझी वायर अजून होती, चुन्याचे थर चढलेली. काढू का विचारलं, तर राहू दे म्हणाली. डिशला आग्नेयेकडे मोकळं आकाश लागतं आणि नेमकी तिथेच चिंच आडवी. शेवटी गोठ्याच्या पत्र्यावर बसवली.