तीन किलोची विजेची भट्टी आणि गनमेटलचं भंगार : पावसाळ्यापासूनचा अनुभव

धातू वितळवायच्या माझ्या छोट्या भट्टीची कॉइल, म्हणजे तापणारी तार, गेली. ऐन कामात गेली, मूस (धातू वितळवायचं भांडं) आत लाल असताना. बांधणीच वाईट, असं चिडून माझं मत झालं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, कॉइल आणि मूस वॉरंटीत येत नाहीत. बिलावर एक वर्षाची वॉरंटी स्पष्ट छापलेली आहे, हे वाचून दाखवल्यावर पुढचा मुद्दा आला : "तुम्ही सोनं सोडून दुसरं काय काय वितळवलंत त्यात?" जाहिरातीत सोनं, चांदी, तांबं, पितळ ही चारही नावं ठळक अक्षरांत आहेत. विकताना चार धातू आणि दुरुस्तीच्या वेळी एकच, हे मला मान्य नाही. तो वाद अजून मिटलेला नाही, पण त्या निमित्ताने सगळाच अनुभव लिहून टाकतो. ही भट्टी कशी दिसते, किती वॅटची असते हे घेणाऱ्यांना ठाऊक असतंच. त्यात वेळ घालवत नाही.

पहिली गोष्ट "३ किलो" या आकड्याची. हा आकडा सोन्याचा आहे. सराफांसाठी बनवलेली ही भट्टी, त्यामुळे मुशीत सोनं किती मावतं तेच पेटीवर छापतात. सोन्याची घनता १९.३, गनमेटलची (तांबं, कथील आणि थोडं जस्त यांचा मिश्रधातू) पावणेनऊच्या आसपास. म्हणजे ज्या मुशीत ३ किलो सोनं बसतं तिच्यात गनमेटल काठोकाठ भरलं तरी सव्वा ते दीड किलो. काठोकाठ भरून कोणी ओतत नाही, म्हणून हाती सव्वा किलोच धरा. ही एक ओळ जाहिरातीत टाकायला काय हरकत होती? नाशिकमध्ये ही भट्टी घेणारे सगळे सराफ बाजारातले नाहीत. अंबड-सातपूरच्या औद्योगिक पट्ट्यात आयुष्य लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) काढलेले माझ्यासारखे अनेक जण घरी छोटं ओतकाम करू पाहतात. त्यांच्यासाठी हा फरक निम्म्याहून जास्त क्षमतेचा आहे. पाऊण किलोचा बुश (फिरत्या दांड्याभोवती बसणारी धातूची नळी) ओतायचा तर रायझर आणि रनरसाठी, म्हणजे साच्यात धातू पुरवणाऱ्या आणि नंतर कापून टाकायच्या वाटांसाठी, अर्धा किलो तरी लागतो. म्हणजे एका तावात (एका वेळच्या वितळवण्यात) एकच बुश. पेटीवरचा आकडा खरा मानून दोन-दोन बुशांचे साचे भरून ठेवणाऱ्याचा दुसरा साचा रिकामाच राहणार.

बुश कशाला लागतात तेही सांगतो. माझे साडू दिंडोरीकडे द्राक्षं करतात. विहिरीवरच्या जुन्या पंपाचे बुश वारंवार झिजतात. दुकानात मिळणारा बुश "गनमेटल आहे" म्हणून देतात, पण लेथवर लावला की पहिल्याच काटात पिवळाधमक निघतो. ते पितळ. पितळ पाण्यात राहिलं की त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे भुसभुशीत तांबं उरतं. खऱ्या गनमेटलचा तयार पोकळ बार मिळतो, पण किलोवर मिळतो आणि त्यातला बराचसा भाग चुरा होऊन लेथखाली पडतो. एक-दोन नगांसाठी कोणतीही फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) साचा लावत नाही. म्हणून भट्टी, आणि म्हणून भंगाराचा शोध.

भंगाराच्या भावाने मला या महिन्यांत जितकं शिकवलं तितकं भट्टीने नाही.

पूर्वी असा माल पाहायला अंबड-सातपूर लिंक रोडला गेलं की काम होत असे. महापालिकेने तिथला अनधिकृत भंगार बाजार २०१७ च्या जानेवारीत हटवला, तो पुन्हा उभा राहिल्यावर २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा हटवला, आणि एका फेरीत दहा ढीग बघायची ती सोय गेली. आता एक दुकान या टोकाला, दुसरं त्या टोकाला, आणि प्रत्येकाचं "गनमेटल" वेगळं. कोणी जुने व्हॉल्व्ह देतो, कोणी पाण्याचे मीटर, कोणी नळांची पोती. पोत्यात वरचा थर चांगला, खाली काय ते देव जाणे.

पारख कशी करायची? लोहचुंबक सगळे लावतात, पण त्याने फक्त लोखंड वेगळं होतं. क्रोम चढवलेला नळ जस्ताच्या मिश्रधातूचा असेल तरी चुंबक गप्पच बसतो. कानस मारून रंग पाहणं जास्त उपयोगी : गनमेटल तांबूस, पितळ पिवळं, जस्त करडं. पण ॲल्युमिनियम ब्राँझ सोनेरी दिसतं आणि घाईत पितळात खपतं. माझा भरवसा पाण्यातल्या वजनावर आहे. घरचा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, त्यावर पाण्याने भरलेलं पातेलं, आणि दोऱ्याने टांगलेला तुकडा. काटा पातेल्यासकट शून्यावर आणायचा, तुकडा तळाला किंवा काठाला न लागता पूर्ण बुडवायचा. काटा जो आकडा दाखवेल तो तुकड्याने सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळाली. एका व्हॉल्व्हच्या बॉडीचं वजन ४३६ ग्रॅम भरलं आणि पाण्यात काट्याने ५० दाखवले, म्हणजे ८.७. तो ठेवला. शेजारच्या चकचकीत नळाचा तुकडा ३०० ग्रॅम आणि पाण्यात ४५, म्हणजे ६.७ च्या खाली. तो जस्ताचा, आणि पितळाच्या भावात पोत्यात आला होता. असा एक तुकडा मुशीत गेला तर अख्खा ताव बिघडतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, गनमेटल ओतायला अकराशेच्या वर जावं लागतं. मग मुशीतून पांढरा धूर आणि कापसासारखे तंतू उडतात, आणि तो धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. तुकडा पाण्यात हलवून बुडबुडे काढायला विसरू नका. आतल्या आट्यांत हवा अडकली तर घनता कमी दिसते आणि चांगला माल तुम्ही बाजूला टाकता.

आता भावाचं. पहिले काही महिने माझं ठाम मत होतं की निवडलेला माल महाग देणारा दुकानदार लुटतो. न निवडलेलं पोतं घ्यावं, घरी बसून निवडावं, वेळ आपल्याकडे आहे. सातपूरच्या एका दुकानदाराशी मी यावरून बरीच घासाघीस केली. तो शांतपणे म्हणाला, "काका, पोतं घेतलं तर घट तुमची, निवडून घेतलं तर घट माझी. कशाचे पैसे द्यायचे ते तुम्ही ठरवा."

मी वही काढली. समजा पोतं ६०० रुपये किलोने घेतलं. त्यातून लोखंडी स्क्रू, रबरी वायसर, टेफ्लॉन टेप, जस्ताचे नळ निघाले, वर वितळताना मळी गेली आणि शंभरातले ऐंशी हाती आले, तर खरा भाव ७५० पडला. निवडलेला माल ६४० ने घेतला आणि शंभरातले पंच्याण्णव आले, तर तो ६७४ च्या आत पडतो. तेव्हापासून मी किलोचा भाव विचारतच नाही. ओतून हाती किती येतं तोच माझा भाव. माझं आधीचं मत वहीने बदललं, आणि त्या दुकानदाराकडे मी आता नियमित जातो. पक्कं बिल घेतलं की १८ टक्के जीएसटी चढतो आणि घरगुती माणसाला त्यातला एक रुपयाही परत मिळत नाही, हेही हिशेबात धरा. तरी बिल घ्या. चोरीचे मीटर आणि व्हॉल्व्ह भंगारात येतात, आणि उद्या कोणी विचारलं तर कागद हातात हवा.

भांडी बाजारात मोडीचा भाव विचारून पाहिला, कारण कास्याच्या फुटक्या वाट्या-थाळ्या हा कथलाचा चांगला साठा आहे. पारंपरिक कास्यात साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील असतं. एक किलो कासं आणि एक किलो दोनशे ग्रॅम स्वच्छ तांब्याची तार एकत्र केली की कथील दहा टक्क्यांवर येतं. वर थोडं जस्त टाकलं की ८८-१०-२ चं जुन्या पद्धतीचं गनमेटल तयार. शुद्ध कथील विकत घ्यायचं तर ते तांब्याच्या तिपटीहून महाग पडतं, म्हणून हा मार्ग मला फार आवडला होता. पण कास्याच्या मोडीचा भावही आता चढा आहे, कारण कास्याच्या ताटात जेवायची आवड पुन्हा आली आहे. शिवाय कासं म्हणून येणारं प्रत्येक भांडं कास्याचं नसतं. बोटाच्या पेराने टिचकी मारा : कासं लांबवर घुमतं, पितळ लगेच थांबतं. फुटकं भांडं घुमत नाही, मग पुन्हा पाण्याचा काटा. आजीच्या हातची जुनी वाटी मात्र कोणी मोडीत आणली असेल तर ती वितळवायला माझा हात धजत नाही. अशी दोन भांडी मी घरात ठेवून घेतली आहेत.

लेथचा चुरा स्वस्त मिळतो. एमआयडीसीत गोण्या पडलेल्या असतात. तेलकट असतो, त्यात चार प्रकारचे धातू मिसळलेले असतात, आणि बारीक असल्यामुळे वितळण्याआधीच वरून जळतो. एवढ्याशा मुशीत तो मावतही नाही. घेऊ नका.

सगळ्यात चांगला माल मला मिळाला तो अंबडच्या एका छोट्या फाउंड्रीत. पंपाचे इंपेलर (आतले फिरते पंखे) ओतल्यावर कापून टाकलेले रनर आणि रायझर. ८५-५-५-५ चा माल, म्हणजे ८५ तांबं आणि कथील, शिसं, जस्त पाच-पाच. रबर नाही, स्क्रू नाही, क्रोम नाही. फाउंड्रीवाले हा माल स्वतःच परत वितळवतात, त्यामुळे सहज देत नाहीत. ओतीव बारचा भाव द्यायची तयारी दाखवली तेव्हा दहा किलो दिला. भंगारापेक्षा महाग, आणि तरी हातात पडलेल्या बुशामागे सगळ्यात स्वस्त. बेअरिंगसाठी शिसं असलेला हा माल उत्तम चालतो. त्याची ताटवाटी किंवा देवघरातली पळी मात्र ओतू नका, आणि धूर डोक्यावरून निघून जाईल अशा उघड्या गच्चीवरच काम करा.

इथवर लिहून ठेवलं होतं. त्यानंतर कॉइल दुरुस्त झाली, त्यामुळे भट्टीबद्दल पुन्हा लिहायला हवं. सातपूरला हीटर बनवणाऱ्या एकाने जुनी कॉइल पाहून सांगितलं की तारेवर टाकणखाराची (बोरॅक्सची, धातूची मळी वेगळी व्हावी म्हणून टाकतात ती पूड) काच चढली आहे. मी वितळताना टाकणखार जरा सढळ हाताने टाकतो, मुशीच्या काठावरून तो उतू जाऊन भिंतीच्या खाचेत गेला असावा. त्याने कँथलची (उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूची) जाड तार गुंडाळून दिली. खर्च विक्रेत्याने सांगितलेल्या "नव्या चेंबर"च्या निम्म्याहून कमी. आता भट्टी पूर्वीपेक्षा लवकर लाल होते. तेव्हा भट्टीची बांधणी वाईट आहे हे वरचं माझं चिडून झालेलं मत मी मागे घेतो. विटा चांगल्या आहेत, झाकण घट्ट बसतं, तापमान धरून ठेवते. वॉरंटीबद्दलचं मत तेच आहे. टाकणखार कॉइलला मारतो हे पुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नाही, आणि सोनं वितळवणारा प्रत्येक सराफही टाकणखारच वापरतो.

डिस्प्लेवरचं तापमान धातूचं नसतं, भिंतीचं असतं. ११०० दिसलं म्हणून लगेच ओतलं तर बुश अर्धवट भरतो. आकडा आल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, ग्राफाइटच्या कांडीने ढवळून पाहा, तळाशी घट्ट काही लागत नसेल तरच ओता. विजेचं म्हणाल तर एवढा धातू वितळायला हिशेबाने पाव युनिटही पुरेसं आहे, पण भिंती तापवण्यात बाकीची जाते आणि मीटरवर दीड-दोन युनिटं दिसतात. म्हणून एक ताव करून भट्टी बंद करण्यापेक्षा सलग तीन-चार ताव घ्यावेत. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला हा फरक जाणवतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. भंगारातल्या बंद व्हॉल्व्हच्या पोटात पाणी असतं. वर्षानुवर्षं गोडाऊनच्या अंगणात पावसात पडलेला माल आहे तो. पितळी पोकळी आधी कापा, उघडा, उन्हात ठेवा आणि भट्टीच्या झाकणावर तापवून मगच मुशीत सोडा. वितळलेल्या धातूत थेंबभर पाणी गेलं तरी त्याची वाफ एका क्षणात हजारपटीने फुगते आणि धातू तोंडावर उडतो. साचा आणि ओतायचा चिमटाही कोरडा आणि कोमट असू द्या. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल घ्या, पायात चामड्याचे बूट घाला. नातवंडं गच्चीवर असतील त्या दिवशी मी भट्टी लावत नाही.

घ्यावी का? घरी बुश, पुली, छोटे दांडे ओतायचे असतील आणि महिन्यातून चार-पाच ताव होणार असतील तर घ्या. पण पेटीवर ५ किलो लिहिलेली घ्या. त्यात आपल्या कामाचे सव्वादोन किलो बसतात, आणि दोन्हींना मिळून एकच रनर ठेवला तर एका तावात दोन बुश होतात. ३ किलोची घेऊ नका, निदान तो आकडा सोन्याचा आहे हे विक्रेता जाहिरातीत लिहीपर्यंत तरी नको. दिंडोरीच्या पंपात बसवलेला पहिला बुश ऑक्टोबर छाटणीपासून चालू आहे, गाळा (दांडा आणि बुश यांच्यातली फट) वाढलेला नाही. पुढच्या वेळी फाउंड्रीत गेलात तर रनर कापून मागा. मुशीच्या तोंडापेक्षा मोठे तुकडे घरी हॅकसॉने कापायला अख्खा दिवस जातो, आणि त्यांच्याकडचं कटिंग व्हील ते काम दहा मिनिटांत करतं.