खाऱ्या वाऱ्यात दोन झुंबरं : एक पावसाळा काढल्यानंतर

वेंगुर्ल्यात समुद्राला लागून घर असताना झुंबर घ्यावं का, असं विचारणारे बरेच भेटतात. आमच्याकडे दोन आहेत. दिवाणखान्यातलं काचेचं नणंदेने वास्तुशांतीला दिलं. ओटीवरचं पितळी आम्ही मुंबईच्या चोरबाजारातून घासाघीस करून आणलं. दोन्ही गेल्या दिवाळीआधी लावली, मधे अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते: झुंबर जरूर घ्या, पण दुकानात लोलकांकडे बघत बसू नका. लोलक ज्या कडीत अडकवलाय ती कडी बघा.

काचेचं आहे ते ‘मारिया थेरेसा’ धाटणीचं. ऑनलाइन बघायला गेलात तर निम्मी झुंबरं याच नावाने खपवलेली दिसतील. खरी ओळख म्हणजे त्याचे हात: वाकवलेली चपटी धातूची पट्टी, तिच्यावर काचेच्या पट्ट्या बसवलेल्या, सांध्यांवर काचेची फुलं आणि खाली लोलकांच्या माळा. लांबून बघणाऱ्याला धातू जवळजवळ दिसतच नाही. ही कला बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक देशाची. तिथल्या प्राखेन गावी योसेफ पाल्मे याने १७२४ साली झुंबरांचा कारखाना सुरू केला. मारिया थेरेसाचा बोहेमियाची राणी म्हणून प्रागला राज्याभिषेक झाला तो १७४३ साली, आणि तिचं नाव या धाटणीला कायमचं चिकटलं.

त्याआधी युरोपातल्या राजवाड्यांत लोलक असत ते खऱ्या स्फटिकाचे. दगड फोडून, घासून एकेक घडवायचा, त्यामुळे राजाशिवाय कुणाला परवडायचं नाही. १६७४ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने शिसं घातलेल्या काचेचं पेटंट घेतलं. ही काच कापायला मऊ, वजनाला जड आणि प्रकाश जास्त वाकवणारी. लोलकातून भिंतीवर सप्तरंगी ठिपके पडतात ते या गुणामुळे. आजचे दुकानदार ज्याला ‘के-नाइन क्रिस्टल’ म्हणतात ती बिनशिशाची, हलकी काच. आमचे लोलक तेच आहेत. संध्याकाळी पश्चिमेची उन्हं खिडकीतून आत आली की समोरच्या भिंतीवर बऱ्यापैकी रंग सांडतात, तेवढं मला पुरे आहे. शेजारच्या काकी पहिल्यांदा आल्या तेव्हा वर बघून म्हणाल्या, “मंगेशीच्या देवळात बसल्यासारख्यां वाटतां गो!” आमच्याकडे झुंबर म्हटलं की गोव्यातल्या देवळांचे सभामंडपच डोळ्यांसमोर येतात, त्यात काकींचं काही चुकलं नाही.

आता पावसाळ्याचं. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की हवेतलं मीठ घरभर फिरतं. काचेवर त्याचा पातळ थर बसतो, तो थर ओल ओढून घेतो, त्यावर धूळ चिकटते. आठवड्याभरात लोलक मेणकट दिसायला लागले. ते पुसता येतात. खरा त्रास कड्यांचा. प्रत्येक लोलक एका बारीक तारेच्या कडीने वरच्या मण्याला जोडलेला असतो आणि स्वस्त झुंबरांत ती कडी लोखंडी असते, वर सोनेरी मुलामा. मुलाम्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यातून खारट ओल आत शिरते, आतलं लोखंड गंजून फुगतं आणि मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. ऑगस्टमध्ये मी शिडीवर चढून एक लोलक हातात घेतला तर कडी बिस्किटासारखी मोडली, बोटांना तपकिरी भुकटी लागली आणि लोलक तळहातात राहिला. तो तसाच खाली पडला असता तर खालच्या काचेच्या टीपॉयची शोभाच झाली असती. विक्रेत्याला फोटो पाठवले. ‘दमट हवेसाठी वॉरंटी नाही’ असं उत्तर आलं. वॉरंटीच्या कागदावर असं काही छापलेलं नाही, पण वाद घालण्यात राम नव्हता.

उपाय गावातच सापडला. सोनाराकडे एक नमुन्याची कडी घेऊन गेले आणि पितळी तारेच्या तशाच कड्या करून घेतल्या. आधी तो हसला, मग म्हणाला, “नथीपेक्षा सोपां आसा.” गणपतीआधी दोन दुपारी बसून मी आणि मुलीने सगळ्या कड्या बदलल्या. काढलेले लोलक थराथरांप्रमाणे वेगळ्या ताटलीत ठेवायचे, नाहीतर परत लावताना रडू येतं. रिठ्याच्या कोमट पाण्यातून काढून, साध्या पाण्यात बुडवून, जुन्या सुती पंचावर वाळवले. टाकीचं पाणी जड असेल तर पांढरे डाग राहतात. शेवटच्या धुण्याला इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड पाणी वापरलं आणि फरक लगेच दिसला.

ओटीवरच्या पितळी झुंबराला हा जाचच नाही. ते डच धाटणीचं: मधे गुळगुळीत पितळी गोळा, त्यातून इंग्रजी एससारखे वळलेले हात, टोकाला मेणबत्तीची वाटी. काच अजिबात नाही. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या चर्चमध्ये आणि श्रीमंतांच्या घरांत अशी झुंबरं असत. गोळा मुद्दाम चकचकीत ठेवत, कारण मेणबत्त्यांचा उजेड त्याच्यावरून परत खोलीत यायचा. त्याच शतकात डचांनी आमच्या वेंगुर्ल्यात वखार थाटली. तिच्या भिंती अजून उभ्या आहेत, वर झाडं उगवली आहेत. आमचं झुंबर नकली आहे आणि त्याचा वखारीशी काही संबंध नाही, पण ओटीवर पाहुण्यांना सांगायला विषय बरा मिळतो. पावसाळ्यात ते काळवंडलं, वाट्यांच्या कडेला हिरवट ठिपके आले, इतकंच. चिंचेने घासलं की झालं. मात्र नव्या पितळी झुंबरावर पारदर्शक लॅकर (वार्निशसारखा लेप) असतं, त्याला चिंच किंवा पावडर लावू नका, लॅकर ठिकठिकाणी सुटून पितळ चट्ट्याचट्ट्यांनी काळं पडतं. आमचं जुनं, त्याचं लॅकर कधीच गेलेलं. खरेदीला जाताना फ्रिजवरचं चुंबक खिशात ठेवा. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे, मग दुकानदार काहीही सांगो.

बाकीच्या धाटण्यांचंही थोडं सांगते. इटलीतल्या मुरानोची झुंबरं बहुतेक सगळी काचेचीच, अठराव्या शतकात ज्युसेप्पे ब्रियातीने फुलापानांनी लगडलेली केली तशी. गंजायला त्यात फारसं काही नाही, पण वाऱ्याने खिडकी आपटली तर आपलं काय होईल याचा विचार करा. इंग्लंडमध्ये १७४५ पासून काचेवर वजनाप्रमाणे कर होता, तो १८४५ ला उठला. सहाच वर्षांनी बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने लंडनच्या प्रदर्शनात २७ फूट उंच, चार टन काचेचं कारंजं उभं केलं. पुढे आपल्याकडचे राजेरजवाडे त्यांची बडी गिऱ्हाइकं झाले. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यातली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. ती टांगण्याआधी छत पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले अशी कथा तिथे सांगतात.

आमच्या वायरमनने हत्तीऐवजी मुलाला लोंबकळायला लावलं. हसू नका, पद्धत वाईट नाही. झुंबर पंख्याच्या हुकावर टांगू नका, स्लॅबमध्ये स्वतंत्र हूक ठोका. कौलारू घर असेल तर वाशाला नाही, भालाला, म्हणजे जाड आडव्या तुळईला टांगा. पितळी अंगाला अर्थिंग हवंच, दमट हवेत तिथे काटकसर करू नये. आणि पंखा झुंबराच्या वर येऊ देऊ नका. छतावर पात्यांच्या सावल्या सतत फिरत राहतात आणि डोकं दुखतं. कोकणात पंख्याशिवाय राहता येत नाही, म्हणून झुंबराने मधली जागा घेतल्यावर आम्हाला दोन पंखे दोन बाजूंना लावावे लागले. हा खर्च कुणी आधी सांगत नाही.

बल्ब बारीक पेचाचे, चार वॅटचे एलईडी, २७०० केल्व्हिनचे पिवळसर. काच पारदर्शक आणि आत तारेसारखी रेघ दिसणारे घ्या. दुधी बल्बने लोलक मेलेले दिसतात, कारण चमकायला त्यांना एका ठिपक्यातून येणारा उजेड लागतो. आठ बल्ब मिळून ३२ वॅट, त्यामुळे लाईट गेली तरी इन्व्हर्टरवर निभतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाते हे सांगायला नको. पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी उजेडावर तुटून पडते. त्या संध्याकाळी झुंबर बंद ठेवून अंगणातला दिवा लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वाट्यांमधून मूठमूठ पंख काढावे लागतात, आणि त्यांच्या मागे पाली येतात त्या वेगळ्याच.

नणंदेला आता आमच्या बेडरूमसाठी तिसरं पाठवायचंय. मी तिला पितळी सांगितलंय, लहान, तीन हातांचं. काचेचंच हवं असेल तर कड्या पितळेच्या किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत असं बिलावर लिहून घे म्हटलं. ३०४ स्टील स्वयंपाकघरात चालतं, खाऱ्या वाऱ्याला ३१६ लागतं. जादाचे पाच-सहा लोलकही त्याच वेळी मागून घ्यायचे. नंतर सुटे मिळतात, पण मापाबरोबर वरचं भोक एक आहे की दोन हेही जुळावं लागतं.