गुन्हेपटाची वनलाइन तपासून देणारी बैठक : जावं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात पटकथा लिहिणाऱ्यांची बैठक भरते. कुणीतरी वनलाइन, म्हणजे सिनेमाच्या गोष्टीचा थोडक्यात गाभा, आणायची, बाकीच्यांनी ती तपासायची, एवढंच काम. गुन्हेपट लिहीत असाल तर जरूर जा. प्रेमकथा असेल तर एसटीचं भाडं वाचवा.

वनलाइन दोन वाक्यांची, फार तर चाळीस शब्दांची. ती लेखक नाही, दुसराच कुणी वाचतो, त्यामुळे आवाज चढवून रहस्य खपवता येत नाही. मग प्रत्येकानं आधी कागदावर प्रश्न लिहायचे, बोलणं नंतर. नाहीतर पहिल्याचीच री सगळे ओढतात. लेखक तोवर गप्प. तोंडी खुलासा करावा लागला, तर ती गोष्ट वनलाइनमध्ये नाहीच.

नमुना घ्या : ‘शेतकऱ्याची आत्महत्या म्हणजे खून आहे, असा संशय पोलीस पाटलाला येतो.’ यावर पहिलाच प्रश्न, ‘मंग त्यानं ठाण्यात काऊन नाही सांगतलं?’ म्हणून सुधारणा : आत्महत्येचा पंचनामा पाटलानंच लिहिला होता. तीही टिकत नाही. पोलीस पाटील खबर देतो. पंचनामा पोलीस करतात, किमान दोन पंचांसमोर, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली (१ जुलै २०२४ आधीची गोष्ट असेल तर जुन्या संहितेचं १७४). म्हणजे पाटलाचं पाप दुसरीकडे शोधायचं : खबरीत त्यानं काय गाळलं, पंच म्हणून कुणाला उभं केलं. गप्प बसायचं कारणही मग सापडतं. आत्महत्या पात्र ठरली तर घराला १ लाखाची मदत. खून सिद्ध केला तर विधवेच्या हातचे ते पैसे जातात. ही पात्रता ठरवणाऱ्या जिल्हा समितीच्या बैठकीची तारीख ही कथेला आयती मुदत.

विषावर इथले लोक सर्वांत तिखट. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांनी औषध प्यायलं नव्हतं. त्यामुळे ‘अंगात कीटकनाशक सापडलं, म्हणजे प्यायलाच’ असं धरून रचलेलं कथानक इथं पहिल्याच फेरीत पडतं. कातडीतून आणि श्वासातून भिनलेलं विष वेगळं, पोटात सापडलेलं वेगळं. खून फवारणीच्या विषबाधेआड लपवायचा असेल तर हंगाम सांभाळा. भर उन्हाळ्यात कपाशीवर फवारणी दाखवली की प्रेक्षागृहात हशा ठरलेला.

खोट आहे ती पुढच्या टप्प्यात. प्रश्न संपले की उपाय सुरू होतात, आणि तिसऱ्या वाचनापर्यंत त्याच चाळीस शब्दांत सावकार, बोगस बियाणं, जिनिंगची आग आणि वाघ एवढे सगळे येऊन बसतात. प्रश्न लिहून घ्या, उपाय तिथंच सोडा. गुन्हा एक, ज्याचं नुकसान होणार तो माणूस एक, मुदत एक. चौथं काही आलं की काढा. बायका बैठकीला फारशा येत नाहीत, म्हणून वरच्या नमुन्यातल्या विधवेला स्वतःला काय हवंय, हे कुणी विचारतच नाही. तो भाग आणखी कुणाला तरी वाचायला द्यावाच लागतो.

प्रोजेक्टर नाही, छापील प्रती न्या. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, लिहिलेल्या मजकुरावर मिळतो. चोरीची धास्ती असेल तर सविस्तर सारांश लिहून मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे आधी ऑनलाइन नोंदवा. त्यासाठी सदस्यत्व लागतं.